उनपाण्याचा नकाशा

आमच्याकडे डोंगरात जायचा विषय पहिल्यांदा निघाला तो आईच्या गुडघ्यांमुळे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ड्राफ्ट्समन होते आणि आम्ही लखनौला, आलमबागेत, सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. आईचं माहेर यवतमाळकडचं. तिकडच्या उन्हात वाढलेल्या बाईला लखनौचा जानेवारी दरवर्षी नव्याने अन्याय वाटायचा. कोहरा पडला की कित्येक दिवस सूर्य दिसायचा नाही, सिमेंटची फरशी बर्फासारखी व्हायची, आणि आई जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्यांवर चढवून स्वयंपाक करायची. डॉक्टर म्हणाले, "बहनजी, सिकाई कीजिए." म्हणून ती रबराच्या पिशवीने शेकायची आणि कुरकुरायची, "पिशवीनं काय होते? गुडघे बुडतील इतकं ऊन पाणी पायजे."

हे वाक्य बाबांच्या कानावर पडलं आणि तिथून सगळं सुरू झालं. दुसऱ्या एखाद्या माणसाने तांब्याचा मोठा बंब आणला असता. बाबांनी उत्तर भारताचा नकाशा आणला.

बाबांना कुठलीही गोष्ट आधी कागदावर लागायची. अंगणात कपडे वाळत घालायला दोरी बांधायची होती तेव्हाही त्यांनी आराखडा काढला होता. तो फार सुबक होता. दोरी शेवटी आईने बांधली. त्यामुळे "हिमालयात गरम पाण्याचे झरे आहेत, एकाला एक जोडून आपण गाडीने जाऊ," असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा आईने भाजी चिरता चिरता नुसतं "हो का" म्हटलं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. माझ्या मैत्रिणी नैनीतालला जात, नौकेत बसून फोटो काढत. मी म्हटलं, "नैनीताल चलते हैं ना, बाबा." घरात मराठीला हिंदीत उत्तर द्यायची माझी सवय होती. बाबा म्हणाले, "नैनीतालचं पाणी थंड आहे," आणि माझा मुद्दा निकाली निघाला.

गाडी आमची नव्हती. ती होती शेजारच्या गल्लीतल्या काकांची. काका हवाई दलात सार्जंट होते, साताऱ्याकडचे. त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी अँबॅसडर घेतली होती आणि दर रविवारी ते तिच्याखाली झोपलेले असत. त्यांचा मुलगा गावी आजोळी शिकत होता, त्यामुळे काका-काकूंच्या संध्याकाळी बहुतेक आमच्या ओसरीवर जात. आलमबागेत मराठी बोलणारी घरं थोडी. गावाकडे असतो तर आमचं आणि त्यांचं घर एका आळीत आलं नसतं, ताट तर दूरच. लखनौत मात्र काकू आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईच्या हातची ज्वारीची भाकरी तव्यावरून उचलून खायच्या आणि वर नावंही ठेवायच्या, "वहिनी, तुमची भाकरी म्हंजी पापडच की वो."

तर त्या हिवाळ्यात ओसरीवर, मूंगफलीच्या टरफलांच्या ढिगाशेजारी, बेत सुरू झाला.

बाबांनी नकाशावर गरम पाण्याच्या ठिकाणी लाल ठिपके दिले. अडचण एवढीच झाली की जिथे लाल ठिपका, तिथे देव आधीच येऊन बसलेला. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला त्याच दिवशी घरातलं देवघर गेलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, रविवारी वंदना व्हायची, आणि नवस, उपास, तीर्थ हे शब्द बाबांना हिशेबातल्या चुकीसारखे खटकत. ते बोट फिरवत एकेक ठिकाण वाचायचे आणि काकूंचा चेहरा उजळत जायचा.

"बद्रीनाथ. तप्तकुंड."

"आहाहा," काकू म्हणायच्या.

"गौरीकुंड."

"गौराईच ती."

"यमुनोत्री. इथे म्हणे पाण्यात तांदूळ शिजवतात."

"परसाद असतो तो, भाऊ."

"ताई, गंधक जमिनीतून वर येतो," बाबा शांतपणे सांगायचे. "खाली खडक तापलेला असतो. त्यात देवाचा काही संबंध नाही."

"मग खडक तापवतो कोन? खाली चूल कोन घालतं?"

बाबा भूगर्भशास्त्र सांगायला लागायचे. काकू मूंगफली सोलत ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "म्हंजी त्योच."

शेवटी बाबांनी गढवाल सोडून दिला आणि हिमाचलकडे वळले. तिथेही मणिकरणला देऊळ होतं, शिवाय गुरुद्वारा. वसिष्ठ गावाचं नावच ऋषीचं. पण कार्यालयात शिमल्याकडचा एक सहकारी होता. त्याने सांगितलं की शिमल्याच्या पलीकडे, खाली सतलजच्या काठी, तत्तापानी म्हणून गाव आहे. "वहाँ तो रेत में से निकलता है. हाथ से गड्ढा खोदो और बैठ जाओ." बाबा त्या दिवशी सायकल उभी करायच्या आतच ओरडले, "मिळालं! देवाशिवायचं मिळालं!"

"देऊळ हाय का तिथं?" काकूंनी विचारलं.

"आहे, पण वर. पाणी खाली आहे."

"मग ठीक," काकू म्हणाल्या. "तुमी खाली जावा, मी वर जाते."

मार्ग ठरला. लखनौ, बरेली, सहारनपूर, कालका, शिमला, तत्तापानी; तिथून मंडी, मणिकरण, कलाथ आणि शेवटी मनालीजवळचं वसिष्ठ. बाबांनी त्याचा नुसता नकाशा केला नाही. रेल्वेलाइनचा करतात तसा रस्त्याचा उभा छेद काढला, म्हणजे कुठे किती चढ, किती उतार, ते आडव्या पट्टीवर. ती पट्टी त्यांनी ओसरीवर उलगडली तर ती खोलीतून जाऊन स्वयंपाकघरात शिरली. आई पोळ्या लाटत होती. तिच्या पायाशी कागद आला तसं तिने वाकून पाहिलं. "हे तं सगळं सपाटच आहे. डोंगर कुठी आहे?"

"डोंगर पुढच्या कागदावर आहे," बाबा म्हणाले.

त्या दुसऱ्या कागदाने काकांची झोप उडवली. ही गोष्ट तोवर आम्हा कुणालाच माहीत नव्हती, फक्त काकूंना माहीत होती: काकांना उंचीची भीती होती. हवाई दलात इतकी वर्षं होते, पण त्यांचं काम होतं स्टोअरमध्ये, सुटे भाग मोजायचं. विमानात ते एकदाच बसले होते आणि त्याबद्दल बोलत नसत. त्यांनी त्या उभ्या छेदाकडे बराच वेळ पाहिलं आणि घसा खाकरून विचारलं, "भाऊ, दरी कुठल्या बाजूला येईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बाजूला का तुमच्या? मी उजवीकडे बसणार. डोंगर माझ्या बाजूला असला तर मला काही हरकत नाही."

"ते वळणावर आहे, सार्जंटसाहेब. एका वळणाला डोंगर, दुसऱ्याला दरी."

"तेवढं कागदावर मार्क करून द्या," काका म्हणाले. "म्हणजे त्या वळणाला मी बघणार नाही."

"गाडी तुम्हीच चालवणार ना?" आईने विचारलं.

बाबांनी खरोखरच प्रयत्न केला. कुठल्या वळणाला दरी कुठे, हे लखनौत बसून कळणं शक्य नव्हतं, पण त्यांनी अंदाजाने निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. काकांचं तेवढ्याने समाधान झालं. मात्र चढावर गाडी थांबली तर पुन्हा कशी उचलायची याचा सराव हवा, असं ठरलं. लखनौ तर परातीसारखं सपाट. चढ म्हणून आसपास होता तो एक रेल्वेवरून जाणारा पूल. रविवारी सकाळी आम्ही सगळे गाडीत बसून त्या पुलावर जायला लागलो. आमचं काम वजन होणं, एवढंच. मध्यावर काका गाडी थांबवायचे, डोळे मिटून एक श्वास घ्यायचे, क्लच सोडायचे आणि गाडी बंद पडायची. मागे सायकली, रिक्षा, टांगे यांची रांग लागायची. एकदा एक टांगेवाला खाली उतरून खिडकीशी आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "हुज़ूर, इजाज़त हो तो घोड़ी आगे लगा दूँ?"

काकू हसून हसून पदर डोळ्यांना लावत होत्या. काका गंभीरपणे म्हणाले, "नहीं भैया, प्रैक्टिस है." टांगेवाल्याने मान डोलावली. पुढच्या रविवारी तो आम्हाला पाहून लांबूनच सलाम करून गेला.

इकडे आई आणि काकूंचा बेत वेगळाच चालू होता. कुंडात उतरायचं तर घालायचं काय? साडी ओली झाली की सांभाळता येणार नाही, आणि चार लोकांत साडी सोडून कसं जमायचं? काकूंनी तोडगा काढला: जाड, गडद कापडाचे पायघोळ झगे शिवायचे. मशीन त्यांच्याकडे होतं. मी कापड धरायला आणि टीका करायला गेले होते. "आप दोनों भूत लगेंगी," मी म्हटलं. झगे बेतून झाले होते, काकू मशीनवर बसल्या होत्या आणि आई त्यांना हातशिलाईच्या सुईत दोरा ओवून देत होती, तेव्हा ती सहज बोलावं तसं बोलली.

"आमच्या गावाजवळ होतं उनपाणी. जत्रेला सगळे जात. वरतं दगडी कुंड होतं, त्यात मोठ्या घरचे लोक बसत. त्यातलं पाणी वाहून खाली एका डबक्यात यायचं, तिथं आम्ही. खाली येईपर्यंत निवून जायचं ते. माय म्हणे, ऊन आहे असं समजून बस."

तिने दोरा ओवला आणि सुई काकूंकडे केली. काकूंचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला होता.

"आमच्यात आडावर तसंच होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडल्या बाया घागरी घेऊन खाली हुभ्या ऱ्हायच्या, आमी वरनं वतायचो. मी बी वतलंय."

मी हातातलं कापड घट्ट धरून होते. मग काकूंनी पुन्हा मशीन सुरू केलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, "तिथं गेल्यावं आपण एकदम उतरायचं, वहिनी. तुमचा पाय आन् माझा पाय. मागंफुडं न्हाई."

"आन् पाणी लई ऊन असलं तं?"

"तर दोघी एकदम बोंबलू."

आई हसली. ही गावाकडची गोष्ट बाबांना लग्नापासून माहीत असणार. मला ती त्या दिवशी कळली. तत्तापानीला वाळूत कुणीही खड्डा करून बसतं हे ऐकून बाबा इतके का ओरडले होते, हेही.

ते झगे आम्ही बादलीत भिजवून पाहिले. रंग इतका गेला की बादली जांभळी झाली. काकूंनी ते मिठाच्या पाण्यात ठेवले, पुन्हा धुतले, पुन्हा रंग गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "गेला तर जाऊ दे. सतलज मोठी हाय."

दिवाळीच्या सुमारास आम्ही निघालो. बाबांनी नकाशाच्या प्रती काढून प्रत्येकाला एकेक दिली होती. माझ्या प्रतीत मी शेंगदाण्याचे लाडू बांधले. मैदानातला प्रवास बाबांच्या पहिल्या कागदासारखाच होता, सपाट आणि न संपणारा. कालक्याच्या पुढे डोंगर लागला. पहिल्या मोठ्या वळणावर काकांनी विचारलं, "भाऊ, निळी खूण आहे का इथे?" बाबांनी कागद पाहिला. "नाही. इथे डोंगर आहे तुमच्या बाजूला." काकांनी निर्धास्तपणे उजवीकडे पाहिलं. तिथे डोंगर नव्हता. खाली झाडांचे शेंडे होते आणि त्यांच्याही खाली एक घार उडत होती.

गाडी थांबली. काकांनी बाबांकडे वळून शांतपणे म्हटलं, "भाऊ, तो कागद आता घडी करून ठेवा." त्यानंतर ते फक्त समोर पाहत राहिले आणि त्यांनी इतकी सुंदर गाडी चालवली की विचारू नका. पुलावर कधी न जमलेला चढ त्यांना एकाही झटक्याशिवाय जमला. काकू मात्र वळणागणिक ओकत होत्या आणि मध्ये मध्ये देवाचं नाव घेत होत्या. बाबा भूगर्भशास्त्र विसरून त्यांना पाण्याची बाटली देत होते.

शिमल्यावरून नालदेहऱ्याच्या झाडीतून रस्ता खाली खाली उतरत गेला. थंडी कमी झाली, केळीची झाडं दिसायला लागली आणि मग हिरवीगार सतलज. पलीकडच्या काठावर वाळूतून वाफा निघत होत्या. एका दुकानदाराच्या माडीवर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आईने सामान सोडायला नकार दिला. "आधी पाणी," ती म्हणाली.

दोघी झगे घालून वाळूत आल्या. खरंच भुतासारख्या दिसत होत्या. दगडांचं कडं करून कुणीतरी एक डबरं केलेलं होतं, तळातून बुडबुडे येत होते. शेजारच्या डबऱ्यात दोन म्हाताऱ्या पहाडी बायका गळ्यापर्यंत बसल्या होत्या. त्यांनी या दोघींना हातानेच "या, या" केलं. कुणी नाव-गाव विचारलं नाही. काकूंनी आईचा हात धरला, दोघींनी एकदम पाय घातला आणि ठरल्याप्रमाणे एकदम बोंबलल्या. म्हाताऱ्या खदखदून हसल्या. मग हळूहळू दोघी खाली बसल्या. आईने डोळे मिटले. पाण्यावर जांभळा रंग पसरत गेला आणि तिच्या कपाळावर घाम आला. "अवं माय," ती इतकंच म्हणाली.

बाबा काठावर थर्मामीटर घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेताप्रमाणे मंडीकडे निघायचं होतं. काकांनी गाडी पुसून ठेवली होती. आई पाण्यात होती. बाबा तिला बोलवायला गेले.

"निघायचं आहे."

"कुठी?"

"मणिकरणला. मग कलाथ, मग वसिष्ठ."

"तिथं काय आहे?"

"गरम पाणी."

"मग हे काय आहे?" आईने ओंजळभर पाणी उचलून दाखवलं.

बाबांनी रस्ता किती सुंदर आहे ते सांगितलं. बर्फाची शिखरं दिसतील, बियास नदी दिसेल, सफरचंदाच्या बागा दिसतील. मणिकरणचं पाणी तर इतकं उकळतं की त्यात भात होतो.

"मले भात नाही करायचा," आई म्हणाली. "घरी रोजच करतो. तुम्ही जा. पोरगी राहील माझ्याजवळ."

बाबा बिचारे काठावर उभे राहिले. वर्षभर ज्याच्यासाठी कागद रंगवले ते गुडघे पहिल्याच ठिपक्यावर बसले होते. पण त्यांना तो रस्ता मनापासून पाहायचा होता, हे आईला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती पुन्हा म्हणाली, या खेपेला जरा मऊ आवाजात, "जा ना. येऊन सांगा मले."

बाबा, काका आणि काकू गेले. मी आणि आई राहिलो. ते दिवस मला फार कंटाळवाणे जातील असं वाटलं होतं. पण आईला मी असं रिकामं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्यांशी ती मराठीत बोलायची, त्या पहाडीत बोलायच्या, आणि मी मध्ये हिंदी घेऊन उभी असायचे. पुढे पुढे त्यांना माझी गरज लागेनाशी झाली. नात्यातल्या सुनांबद्दल तिघींचं एकमत आहे, एवढं मला कळलं. संध्याकाळी आई काठावर बसून गुडघे दाबायची आणि बालपणीच्या गोष्टी सांगायची, आणि एकदा मी नकळत तिला मराठीत उत्तर दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण काही दाखवून दिलं नाही.

मंडळी परतली ती काकूंच्या आवाजासकट. त्या गाडीतून उतरायच्या आधीच ओरडल्या, "वहिनी, ऐका! भाऊंनी हात जोडले! मणिकरणला! मी डोळ्यांनी बघितलं!"

बाबा बॅग काढण्यात गुंतले होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. "काहून हो?"

"काही नाही," बाबा म्हणाले. मग बॅग खाली ठेवून, सरळ उभं राहून त्यांनी सांगितलं, "तिथे गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसलो होतो. सगळे एका ओळीत, शेजारी कोण, पलीकडे कोण, पत्ताच नाही. एक म्हातारा सरदारजी वाढत होता. झऱ्यात शिजलेला भात. त्याने माझ्यापुढे वाकून विचारलं, और दूँ, बेटा? मी हात जोडले. त्याला जोडले."

"वाढणाऱ्याला का देवाला?" काकूंनी सोडलं नाही.

"वाढणाऱ्याला."

"म्हंजी त्योच," काकू म्हणाल्या, आणि वर सामान घेऊन गेल्या.

लखनौला परतल्यावर त्या हिवाळ्यात आईचे गुडघे पूर्वीसारखेच दुखले, हेही सांगायला हवं. आलमबागेतल्या बायका विचारायच्या, फायदा हुआ? आई म्हणायची, "हाँ, बहुत," आणि विषय बदलायची.

पण तत्तापानीची शेवटची संध्याकाळ सांगायची राहिली. आई पाण्यात होती, मी काठावर, आणि बाबा तिला रस्त्याचं वर्णन करत होते. वसिष्ठचं पाणी किती अंश, कलाथचं किती, सगळं सांगून झालं. आईने विचारलं, "आन् तुम्ही कुठल्या कुंडात बसले?"

"तापमान घेतलं सगळ्यांचं," बाबा म्हणाले.

"बसले कुठी?"

"बसलो नाही. राहूनच गेलं."

आईने जरा सरकून जागा केली. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, चष्मा दिला, आणि बनियन-पायजम्यासकट जपून एकेक पाय आत टाकत खाली बसले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटत होता. पाणी छातीपर्यंत आलं. पलीकडून नदीचा आवाज येत होता.

मग बाबा म्हणाले, "गरम आहे की गं हे!"